सोयराची सुट्टी

माझं पहिलं पोरगं झालं आणि त्याची सुट्टी मिळाली माझ्या थोरल्या भावाला.

हे वाक्य लिहून झालं तेव्हा नातसून मागं उभी होती. ती खुदकन हसली. म्हणाली, "आजोबा, काहीतरीच काय!" ती शाळेत मास्तरीण आहे, सध्या बाळंतपणाच्या रजेवर आहे आणि पगार चालू आहे. परवा शेजारचे एक गृहस्थ आमच्या ओट्यावर बसून म्हणाले, "मज्जा आहे बुवा आजकालच्या बायकांची." त्यांना मी चहा न पाजताच वाटेला लावलं. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात जन्म गेला बॉयलरजवळ. संपादकांनी सांगितलंय की जिनिंगच्या दिवसांवर काहीतरी खुसखुशीत लिहा. खुसखुशीत जेवढं आहे तेवढं देतो. बाकीचं जसं झालं तसं लिहितो, त्यांना नको असेल तर त्यांनी गाळावं.

आम्ही औंढ्याचे गुरव. देवाची पूजाअर्चा भावकीत पाळीपाळीनं चालायची. घरात माणसं फार आणि पाळ्या थोड्या, म्हणून मी पोरसवदा असतानाच हिंगोलीला आलो आणि एका जिनात तेल घालायच्या कामाला लागलो. लोखंडाची आवड होती. पाच-सात हंगामांत इंजनमिस्त्री झालो. ही निजामाच्या राज्यातली गोष्ट. सरकारी नोकरांना तेव्हा रजा असायची, तिला रुखसत म्हणत. आमच्या जिनात तो शब्दच नव्हता.

ज्यांनी जीन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतातून येतो तो कापूस, त्यात सरकी असते. ती सरकी काढून नुसती रुई वेगळी करायची, एवढाच हा धंदा. एका लांब माळ्यावर यंत्रांच्या दोन रांगा. प्रत्येक यंत्रात एक चामड्याचा रूळ फिरतो आणि त्याला एक पातं घासून असतं. रूळ रुई ओढून घेतो, पातं सरकीला अडवतं, आणि सरकी माळ्याखालच्या खोलीत पडते. हे सगळं फिरतं एका दांड्यावर, आणि दांडा फिरतो माझ्या इंजनावर. एक भलामोठा चामड्याचा पट्टा इंजनापासून दांड्यापर्यंत. तो तुटला की सगळं जीन गप.

प्रत्येक यंत्रामागं एक बाई उभी. सकाळच्या भोंग्यापासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत तिनं मुठीमुठीनं कापूस भरत राहायचं. बसायचं नाही. नाकातोंडात तूस जायचं, भुवया पांढऱ्या व्हायच्या, वीस वर्षांची पोरगी साठीची दिसायची. दिवाळी झाली की हंगाम सुरू, तो पार चैत्रापर्यंत. एकदा यंत्र मिळालं की हंगामभर ते तिचं. पण चार दिवस आली नाही की तिथं दुसरी उभी. बाहेर फाटकाशी बायका बसूनच असायच्या.

आमचे शेठ देवभोळे. मी गुरव आहे म्हटल्यावर रोज सकाळी इंजनाची पूजा माझ्याचकडं. हळद-कुंकू, बेल, उदबत्ती. मग आग पेटवायची. पगार मात्र मिस्त्रीचाच, गुरवाचा वेगळा नाही.

तर माझं पोरगं. माघ महिना, हंगाम ऐन जोरात, महाशिवरात्र तोंडावर आलेली. बायको बाळंतपणाला औंढ्याला आमच्याच घरी होती, कारण तिला माहेर उरलं नव्हतं. निरोप आला, मुलगा झाला. मी तसाच तेलकट हातांनी शेठच्या गादीपुढं उभा राहिलो.

"शेठजी, पोरगं झालं. जाऊन येतो."

"अरे वा! बधाई हो!" शेठ म्हणाले. "पण इंजन कोण चालवणार मिस्त्री? तुझा पोरगा?"

गादीवरचे सगळे हसले. मीही हसलो. मालक हसला की हसायचं असतं. मग शेठना एकदम आठवलं. "अरे, म्हणजे तुला सोयर आलं! दहा दिवस पूजा नको करू. पूजा मुनीमजी करतील. तू फक्त तेल दे, आग दे."

"सोयर मशीनला लागत न्हाई का शेठजी?"

"देवाला लागतं. मशीनला नाही लागत."

तिकडं औंढ्यात मात्र उलटं झालं. पोर माझं, पण सोयर सगळ्या भावकीला. नारायणदादा, माझा थोरला भाऊ, त्याची त्या वर्षी नेमकी महाशिवरात्रीची पाळी होती. वर्षातली सगळ्यांत मोठी पाळी. सोयरामुळं ती दुसऱ्याकडं गेली आणि दादा घरी बसला. जत्रेचे ढोल ऐकत, माझ्या पोराला मांडीवर घेऊन. त्याला दहा दिवस देवळाची पायरी चढायची नव्हती, दुसरं काही काम नव्हतं. तो त्याला उन्हात न्यायचा, शेकायचा, माशा वारायचा. बाप मी, आणि मी इथं बॉयलरमध्ये लाकडं सारत होतो.

सोयर फिटायच्या आतच दुसरा निरोप आला. पोरगं गेलं.

आता शेठनी एका शब्दानं अडवलं नाही. उठून उभे राहिले, खांद्यावर हात ठेवला. "जा बेटा, जा. मयताला कोण नाही म्हणेल?" इंजन कोण चालवणार, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. शेजारच्या जिनातला मिस्त्री तासाभरात बोलावून आणला. म्हणजे माणूस होता. पहिल्या निरोपालाही होताच की!

मी पोचलो तेव्हा त्याला पुरूनही झालं होतं. बायको भिंतीकडं तोंड करून निजली होती. वळून न बघता म्हणाली, "आता आलात व्हय?" दादा मला ओसरीवर घेऊन बसला. म्हणाला, "नाक तुझ्यावर गेलं हुतं रे." मला पोराबद्दल जे ठाऊक आहे ते एवढंच. त्याचं तोंड मी पाहिलं नाही. पुढं मला चार लेकरं झाली, जगली, पण दाराआडून कुणी "नाक बापावर गेलंय" म्हणालं की आजही मी तिथून उठून जातो.

आता आमच्या सरूबाईकडं येतो. सरूबाई म्हणजे बायकांच्या रांगेची मुकादमीण. उंच, काळी, कपाळ मोकळं, आवाज असा की इंजन चालू असताना या टोकाचं त्या टोकाला ऐकू जावं. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. बायका तिला वचकून असत आणि तिच्याचजवळ रडत. माझ्या सोयराची सगळी कथा तिला कळली. तिनं ती डोक्यात ठेवली.

पुढच्या हंगामात एक बाई बाळंत झाली आणि पाचव्या दिवशी रांगेत येऊन उभी राहिली. करणार काय, यंत्र गेलं असतं. लेकराला अफूचं बोट चाटवून घरी निजवलेलं. दुपारी एकाएकी फाडकन आवाज झाला आणि मोठा पट्टा तुटून जमिनीवर सापासारखा वळवळला. दैव बलवत्तर म्हणून कुणाला लागलं नाही. जीन गप झालं. शेठ धोतर सावरत धावत आले.

"मिस्त्री! हे काय झालं?"

झालं होतं ते सरळ होतं. पट्ट्याचा सांधा चामड्याच्या वादीनं शिवलेला असतो, ती वादी कुजली होती. दसऱ्यापासून मी नवीन वादी मागत होतो. तेच सांगायला तोंड उघडलं तोच मागून सरूबाईचा आवाज आला.

"मालक, पट्टा तुटंल न्हाई तर काय व्हईल? पाचव्या दिसाची बाळंतीण रांगंत हुबी हाय. रोज सकाळी इंजनाला बेल वाहता आन् दुपारी तेला इटाळ करता!"

शेठचा चेहरा उतरला. माझ्याकडं वळले. मी त्यांचा कायम मिस्त्री, पण त्या क्षणी ते म्हणाले, "गुरवजी, खरं आहे का हे?"

सरूबाई माझ्याकडं बघत होती. ती पाचव्या दिवसाची बाई खांबाला टेकून उभी होती, तिच्या पायांना कंप सुटला होता. मला शेठचं ते वाक्य आठवलं, मशीनला नाही लागत.

"खरं हाय, शेठजी," मी म्हणालो. "ज्याची पूजा करता तेला इटाळ लागनारच. बाराव्यापर्यंत बाळंतिणीनं यंत्राला शिवू न्हाई."

मी खोटं बोललो. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. सरूबाई मात्र माझ्याही पुढची. ती लगेच म्हणाली, "आन् तिच्या यंत्राला दुसरीनं हात लावला तर तिलाबी लागंल. ते तसंच ऱ्हाऊ द्या. बाराव्याला तीच ईल, नारळ फोडंल, मग चालू करा." म्हणजे सुट्टीही मिळवली आणि जागाही राखली! वकिलाला सुचलं नसतं असं ते बोलणं. शेठनी मान डोलावली. त्या संध्याकाळी सरूबाई माझ्या इंजनघराच्या दारात येऊन नुसती हसून गेली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तो हंगाम आणि त्याच्या पुढचा, दोन हंगाम हा नियम चालला. बायका बारा दिवस घरी राहायच्या. त्या दिवसांची मजुरी मिळत नव्हती, पोटाला चिमटाच होता, पण यंत्र जात नव्हतं. बाराव्याला बाई यायची, नारळ फोडायची, रांगेतल्या सगळ्याजणी खोबऱ्याचा तुकडा खायच्या. मी इंजनघरातून बघायचो. गुरवपण अंगात होतंच, वाटायचं की आयुष्यात एक पूजा बरी केली.

पण शेठ व्यापारी होते, आणि देवभोळा व्यापारीसुद्धा हिशेबाला पक्काच असतो. रांगेत एखादं यंत्र बाराबारा दिवस मोकळं उभं राहिलेलं त्यांना दिसत होतं. विटाळ मोडायची हिंमत नव्हती. म्हणून त्यांनी विटाळच आत येऊ द्यायचा नाही असं ठरवलं. तिसऱ्या हंगामाच्या पहिल्या दिवशी फाटकाशी एक बाज टाकली होती आणि बाजेवर शेठच्या घरातली एक म्हातारी बसली होती. आत येणारी प्रत्येक बाई तिच्यापुढं थांबायची. म्हातारी तिला आडवी वळायला लावायची, पदर बाजूला करायला लावायची, कधी पोटावर हात ठेवून बघायची. पोटुशी दिसली की परत.

एक चांगली पन्नाशीतली, अंगानं भरलेली बाई होती, तिलाही म्हातारीनं परत पाठवलं. ती कमरेवर हात ठेवून ओरडली, "आवो, माझी नात पोटुशी हाय, मी न्हाई!" सगळं फाटक हसलं. संपादकांना हवं होतं ते खुसखुशीत हेच. त्यानंतर हसायला काही उरलं नाही.

सरूबाईचं हसू तर त्या सकाळीच मावळलं. इंजनघरात येऊन ती मटकन खाली बसली. "मिस्त्री, आपुन दार उघडलं, आन् तेनं फाटकच लावून घेतलं की रं!"

मग बायका पोट बांधायला लागल्या. जुन्या लुगड्याची पट्टी करून करकचून आवळायची, वरून सैल पदर घ्यायचा आणि म्हातारीपुढून जायचं. ही तपासणी हंगामाच्या सुरुवातीलाच व्हायची, तेव्हा पाच महिन्यांची बाई सहज सुटायची. पुढचं पुढं.

सखू अशीच सुटली. सखू आणि तिचा नवरा महादू, वारंग्याकडचं जोडपं. वीस-बावीसची पोरगी, बुटकी, बोलायला गोड. महादू जिनातच हमाल, पाठीवर रुईचं बोचकं घेऊन गाठी बांधायच्या प्रेसकडं न्यायचा. त्यांना मालकाची खोली होती, आणि खोलीचा नियम असा की नवरा-बायको दोघं कामावर असतील तरच खोली. सखूचं यंत्र गेलं तर खोली गेली, आणि खोली गेली तर त्या दोघांना हिंगोलीत आकाशाशिवाय छप्पर नव्हतं. गावाकडचं घर भावकीनं कधीच बळकावलं होतं.

सरूबाईनं तिला रांगेच्या अगदी शेवटचं यंत्र दिलं. तिथं उजेड कमी. माझ्या इंजनघराची खिडकी तिथंच होती, म्हणून ती मला दिवसभर दिसायची. पौष गेला, माघ आला. शेजारच्या बायका तिच्याजवळ कापसाचा ढीग आणून ठेवायच्या, म्हणजे तिला वाकायला नको. एवढ्या बायकांना ठाऊक होतं आणि एकीच्याही तोंडून बाहेर गेलं नाही. आमच्या गादीवर एक गोष्ट सकाळी बोलली गेली तर दुपारी कळमनुरीच्या बाजारात पोचायची!

एके दिवशी सकाळच्या पारी सरूबाई धापा टाकत आली.

"मिस्त्री, सखूचं पोट दुखून राहिलं. इंजन बंद करू नगंस."

"आगं मग घरी न्ये की तिला!"

"कशी न्येऊ? खोलीवर जायाचं तर गादीपुढून जावं लागतं. खाली सरकीत न्येतो. तू फकस्त आवाज ऱ्हाऊ दे."

माळ्याखालच्या खोलीत सखूला नेलं. वरून यंत्रांतली सरकी पडत होती आणि खाली सरकीच्या ढिगावर ती पोरगी पडली होती. तिचं यंत्र मोकळं दिसू नये म्हणून शेजारची बाई दोन्हीकडं हात चालवत होती. मी खिडकीतून बघत होतो आणि वाफ कमी पडू देत नव्हतो. इतक्या आवाजात माणसाचं ओरडणं कळत नाही. कळलं नाही म्हणून बरं की वाईट, हे मला आजवर ठरवता आलं नाही.

महादू पाठीवर बोचकं घेऊन त्या खोलीच्या दारावरून जात होता, परत येत होता, पुन्हा जात होता. त्याला सांगितलेलं होतं. थांबायचं नाही हेही सांगितलेलं होतं. दारापाशी आला की त्याची चाल हळू व्हायची, एवढंच.

मग दुपार झाली. दुपारी भोंगा वाजवून इंजन बंद करायचं, माणसं भाकरी खातात. भोंग्याची दोरी माझ्या हातात होती. इंजन बंद झालं असतं तर जिनात टाचणी पडलेली ऐकू आली असती. मी दोरी सोडून दिली आणि बॉयलरमध्ये आणखी लाकडं सारली. ऊन कलायला लागलं. रांगेतल्या बायका पोटात भूक घेऊन कापूस भरत राहिल्या, एकीनंही मान वर करून विचारलं नाही. हमाल कुरकुरले. शेवटी शेठच गादीवरून उठून आले. मी म्हटलं, संपलं.

शेठनी वर सूर्याकडं पाहिलं, फिरणाऱ्या रांगांकडं पाहिलं आणि खूश झाले. "शाब्बास मिस्त्री! चलने दो. आज माल जास्त निघेल." आणि जेवायला निघून गेले.

थोड्या वेळानं सरूबाई दारात आली. हात कोपरापर्यंत ओले. "पोरगी हाय," ती म्हणाली. "वाजव आता तुझा भोंगा."

रुई आणि आग जवळ ठेवायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. म्हणून रुईत न गुंडाळता माझ्या जुन्या धोतरात गुंडाळून, हत्यारांची पेटी रिकामी करून तीत लेकरू ठेवलं आणि पेटी उबेच्या बाजूला सरकवली. एवढंसं तोंड, केसांत सरकीचं तूस. मी कितीतरी वेळ बघत बसलो. माझंही असंच असेल, असं मनात आलं आणि मला रडू फुटलं. सरूबाई बघत होती, पण मला लाज वाटली नाही.

आणि खिडकीतून बघतो तर दुपारच्या भोंग्यानंतर सखू आपल्या यंत्रामागं उभी! मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, "पोरी, बस गं घडीभर."

"मिस्त्रीकाका, बसले तर दिसंल," ती म्हणाली. ओठ पांढरेफटक झाले होते. दोन बायका दोन्ही बाजूंनी तिला खेटून उभ्या होत्या. नुसत्या उभ्या नव्हत्या, तिला धरून होत्या.

काही दिवस असंच चाललं. पोरगी दिवसभर माझ्याजवळ. तेलाची बुधली आणून द्यायच्या निमित्तानं सखू यायची, पाजायची, जायची. बायकांनी पोरीचं नाव सरकी ठेवून टाकलं. ती रडायला लागली की मी वाफ सोडून द्यायचो, फुस्स आवाजात तिचं रडणं बुडायचं. तिला ते आवडायचं, गप व्हायची. बाराव्याला सरूबाई म्हणाली, "आज नारळ फोडायचा हुता." नारळ कुठला फोडणार? बाळंतच कुणी झालं नव्हतं.

सखूच्या अंगात तेव्हाच ताप शिरला होता. महादू म्हणाला, दवाखान्यात नेतो. सखूनं त्याचा हात धरला. "डाक्टर इचारंल, बाळंत कवा झालीस म्हनून. मग समद्या गावाला कळंल. खोली जाईल." सरूबाईनं गादीवर हिवताप सांगितला. काढे दिले, शेकलं. सखू दोन दिवस पडायची, तिसऱ्या दिवशी उठून उभी राहायची. शेवटी ती रांगेतच कोसळली, तेव्हा मी कुणाला न विचारता इंजन बंद केलं आणि महादूनं तिला खांद्यावर घेतलं, रोज बोचकं घ्यायचा तशी. दवाखान्यात पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. ती परत आली नाही.

मग शेठना सगळं कळलं. मला वाटलं होतं, महादूला हाकलतील, सरूबाईला हाकलतील, मलाही. तसं काही झालं नाही. शेठ खरोखर हळहळले. सरणाची लाकडं त्यांनी दिली, लुगडं दिलं. महादूच्या खांद्यावर हात ठेवला. मला तो हात चांगला ओळखीचा होता. "दहा दिवस कामावर येऊ नको बेटा. सुतक आहे. खोली तुझीच, काळजी करू नको." आणि मग जीन एक अख्खा दिवस बंद ठेवलं. सरकीची खोली धुऊन काढली, गोमूत्र शिंपडलं, ब्राह्मण बोलावला. मला इंजनाची पूजा करायला सांगितली. मी म्हणालो, "मी पोरीला शिवलोय. ती इथंच ऱ्हायली, तुमच्या इंजनाजवळ. मुनीमजींना सांगा." त्या दिवसापासून मी इंजनाला बेल वाहिला नाही.

मी महादूला भेटायला खोलीवर जायचो. तो उंबऱ्यात बसलेला असायचा, पोरगी मांडीवर. दुसऱ्या एका बाळंतिणीच्या अंगावर तिला पाजायची सोय सरूबाईनं केली होती. बाकी सगळं तोच करायचा. उन्हात न्यायचा, शेकायचा, माशा वारायचा. मला दादा आठवायचा.

पुढं चार-पाच वर्षांनी पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. त्याच हंगामात नव्या सरकारचा एक साहेब जीन बघायला आला. तरणा, खादीतला, मनानं चांगला माणूस. यंत्रं नीट बघता यावीत म्हणून इंजन बंद ठेवायला सांगितलं होतं. साहेबांनी बायकांची रांग पाहिली आणि शेठना विचारलं, "बाळंतपणात बायकांना रजा किती देता? मुंबईकडं कायदा आहे, आता इकडंही येईल."

शेठ हात जोडून म्हणाले, "साहेब, आमच्याकडं बाळंत कुणी होतच नाही."

"म्हणजे?"

"एकही नाही, साहेब. विचारा पाहिजे तर."

साहेबांनी रांगेकडं पाहिलं. बायकांनी माना खाली घातल्या. यंत्र प्रत्येकीला टिकवायचं होतं. सरूबाईच्या ओठांची नुसती हालचाल झाली. दारात महादू बोचकं टेकवून उभा होता आणि त्याच्या धोतराला धरून सरकी उभी होती, त्याची भाकर घेऊन आलेली. साहेबांचं तिच्याकडं लक्ष गेलं. त्यांनी हसून विचारलं, "तुझी मुलगी का रे? मग ही झाली तेव्हा तुला तरी रजा मिळाली होती का?"

महादू भोळा माणूस. त्याला टोमणा मारता येत नव्हता. त्यानं आठवून बघितलं आणि खरं ते सांगितलं.

"मिळाली की साहेब. शेठनं सोता दिली. धा दिस. बायकू मेली तवा."

साहेब महादूकडून पुन्हा रांगेकडं वळले. जिनात टाचणी पडलेली ऐकू आली असती. शेठनी माझ्याकडं बघून हाताचा पंजा फिरवला, इंजन चालू कर म्हणून. वाफ तयार होती, दोरी हाताशी होती. मी दोन्ही हात धोतराला पुसले आणि तसाच उभा राहिलो. इंजन चालू केलं नाही.

तेव्हा सरूबाई बोलायला लागली.